येमूलबाईंचं कलम नऊ

परवा संस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला. मी रिटायर झाले तरी पाठवतात, पाकिटावर माझं आडनाव दरवर्षी चुकवून. चौथ्या पानावर अण्णासाहेबांचा फेटा बांधलेला फोटो, आणि खाली छापलंय की आमच्या हॉस्पिटलनं जे पर्यावरणपूरक खरेदी धोरण स्वीकारलं, ते ‘ठरावाचे सूचक मा. अण्णासाहेब यांच्या दूरदृष्टीचं फळ’ आहे. दूरदृष्टी म्हणे! आधी हसू आलं, मग डोकं तापलं. अख्खा अहवाल उलटापालटा केला. ज्या बाईनं ते धोरण बसून लिहिलं, तिचं नाव कुठंच नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय. कुणाला लागलं तर लागू दे, मला आता कुणाकडून रजा मंजूर करून घ्यायची नाही.

बाईंचं नाव विजयालक्ष्मी व्यंकटेश येमूल. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्टोअरकीपर. ठेंगणी मूर्ती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चष्म्याला दोरी, आणि कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की त्या जिन्यात असल्या की वरच्या मजल्यावरच्या सिस्टर पसारा आवरायला लागायच्या. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, वॉर्डातल्या मामांशी दखनी, आणि राग आला की तिन्हीची खिचडी. मी त्याच मजल्यावर टायपिस्ट होते, पुढं हेडक्लार्क झाले. आमच्या दोन खोल्यांच्या मधे लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकावंच लागायचं. ऐकावंसंही वाटायचं, खोटं कशाला सांगू.

स्टोअरमध्ये बाई उन्हाळ्यातसुद्धा पंखा लावायच्या नाहीत. कापसाचे तंतू उडतात, नव्या बेडशीटवर बसतात, म्हणून. सोलापूरचा मे महिना आणि पंखा बंद. भेटायला आलेला कुठलाही सेल्समन दहा मिनिटांत घामानं भिजून खरं बोलायला लागायचा. टेबलावर स्टीलचे तीन ग्लास असायचे. कापडाचा नमुना आला की त्याचा तुकडा कापून ग्लासात टाकायचा, वर पाणी, आणि सेल्समनला म्हणायच्या, “बसा. आधी पाणी, मग सही.” पाणी रंगलं की बोलणं संपलं. एकदा आमचे ॲडमिनिस्ट्रेटर घाईघाईनं आत आले आणि गुलाबी पाण्याचा ग्लास कोकम सरबत समजून घटाघटा प्याले. बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, ते महिला वॉर्डाचे पडदे होते.” त्यानंतर साहेब त्यांच्या खोलीत दाराशी उभं राहूनच बोलायचे.

आधी त्या लिनन रूममध्ये शिवणकाम करायच्या. उसवलेले गाऊन, फाटलेल्या उश्या. तिथं बसूनच मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. केलं आणि स्टोअरच्या जागेसाठी अर्ज टाकला. वाया घालवणं त्यांना सहन व्हायचं नाही. पाठकोरे कागद, जुन्या बेडशीटची पायपुसणी, पुठ्ठ्यांचे खोके सप्लायरला परत. डॉक्टर लोक मागं चिक्कू म्हणायचे आणि समोर आले की “मॅडम, मॅडम” करायचे.

आता मुद्द्यावर येते. बाईंचे यजमान, व्यंकटेश येमूल, हे अण्णासाहेबांच्या डाईंगमध्ये कामाला होते. सुताच्या लडी उकळत्या रंगाच्या टाकीत बुडवायच्या, फिरवायच्या, उचलायच्या. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं स्वतःचंच. चौदा वर्षं. आधी बोटांची कातडी फाटायला लागली, मग श्वास लागायला लागला. जिना चढता येईना तेव्हा मुकादम म्हणाला, उद्यापासनं येऊ नको. कामगारांच्या दवाखान्यात गेले तर तिथं विचारलं, तुम्ही त्या कारखान्यात होता याचा कागद आणा. कागद कुठला? हजेरीपटावर नाव लावलेलंच नव्हतं.

मग बाई स्वतः कारखान्याच्या गेटवर गेल्या. तीन दिवस गेल्या. तिसऱ्या दिवशी अण्णासाहेबांची गाडी बाहेर पडत होती, बाई काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हणाल्या की माझ्या मालकानं तुमच्याकडं काम केलं असं दोन ओळीत लिहून द्या. अण्णासाहेबांनी काच अर्धी खाली केली आणि म्हणाले, “येमूल? असा कोणी माणूस आमच्याकडं नव्हता.” काच वर.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, संक्रांतीच्या दुपारी, गूळपोळी खाताना, आवाज न चढवता. आणि म्हणाल्या, “शोभा, मारलं असतं तर चाललं असतं की. माणूस नव्हताच म्हणतोय. चौदा वर्षं मी डबा कुणाला भरून दिला मग?”

आणि गंमत बघा, नशिबाची थट्टा म्हणा. हे अण्णासाहेब आमच्याच संस्थेचे ट्रस्टी. हॉस्पिटलची बेडशीट, टॉवेल, पडदे सगळं त्यांच्या बायकोच्या नावावरच्या फर्ममधून यायचं. अख्ख्या सोलापूरला माहीत, पण बोलायचं कुणी? बाई शिवणकामाला लागल्या त्या पहिल्याच दिवशी हॉलमध्ये त्यांचा फोटो बघितला. नोकरी सोडली नाही. पुढं स्टोअरकीपर झाल्यावर तर त्यांच्याच मालाच्या पावतीवर सही करायची पाळी आली. अण्णासाहेब महिन्याकाठी समोरून जायचे आणि “काय बाई, ठीक ना?” म्हणायचे. त्यांना गेटवरची बाई आठवतसुद्धा नव्हती. मला त्याचाच जास्त संताप यायचा. मी म्हणायची, बाई, एकदा तोंडावर सुनवा की. त्या म्हणायच्या, “राग लोणच्यासारखा मुरू द्यायचा. घाईत वाढला तर कच्चा लागतोय.”

बारा वर्षं मुरला. मग संस्थेला मानांकन पाहिजे झालं. बाहेरून तपासणी समिती येणार, त्यांना शंभर फायली दाखवायच्या. त्यातली एक फाईल होती पर्यावरणपूरक खरेदी धोरणाची. कसलं धोरण अन् कसलं काय, आमच्याकडं खरेदी म्हणजे अण्णासाहेबांचा फोन. ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांनी दारातूनच सांगितलं, “येमूलबाई, नेटवरून चार ओळी उतरवा आणि फाईल तयार ठेवा.”

बाईंनी चार ओळी उतरवल्या नाहीत. दोन महिने लिहीत होत्या. पाठकोऱ्या कागदावर, बारीक अक्षरात, डबा खाऊन झाला की अर्धा तास. वस्तू घेण्याआधी ती खरंच लागते का ते विचारावं. एकदा वापरून फेकायची चादर न घेता धुऊन वापरायची सुती घ्यावी. पॅकिंग सप्लायरनं परत न्यावं. कापड कुठल्या रंगानं रंगवलं ते लेखी द्यावं. रंगाचं पाणी नाल्यात सोडत नाही याचा दाखला जोडावा. सगळं शहाणपणाचं, एक ओळ फालतू नाही. मी टाईप करत गेले आणि नवव्या कलमाशी थांबले. ते असं होतं: माल जिथं रंगवला जातो तिथं गेल्या पंधरा वर्षांत रंगाचं काम केलेल्या सर्व माणसांची नावं, ती हजेरीपटावर असोत वा नसोत, पुरवठादारानं मालकाच्या सहीनं द्यावीत आणि प्रत्येकाच्या आरोग्य तपासणीचे दाखले जोडावेत.

मी पार्टिशनवरून डोकं वर काढून विचारलं, “बाई, हे झाडापाण्याचं धोरण आहे ना? यात माणसं कशाला?”

“माणूस कुठं राहतोय? पर्यावरणातच की,” त्या म्हणाल्या. “पाणी नाल्यात जायच्या आधी कुणाच्या तरी हातावरनं जातंय. तू टाईप कर.”

पंधरा वर्षंच का, हे मी विचारलं नाही. हिशेब मला कळला होता, आणि माझी बोटं त्या दिवशी जरा जोरातच चालली.

आता आमच्या संस्थेची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ठराव मांडायला सूचक लागतो आणि अनुमोदक. वाचायला कुणीच लागत नाही. अण्णासाहेबांना सूचक व्हायची भारी हौस, कारण इतिवृत्तात नाव छापून येतं आणि ते इतिवृत्त ते घरी बांधून ठेवायचे. बाईंना हे पक्कं ठाऊक. सभेच्या दिवशी त्या फाईल घेऊन थेट अण्णासाहेबांच्या खुर्चीशी गेल्या आणि म्हणाल्या, “साहेब, पर्यावरणाचं चांगलं काम आहे. सूचक म्हणून आपलं नाव शोभंल.” इतक्या वर्षांत त्यांनी त्या माणसाला साहेब म्हणलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसले होते. विषय क्रमांक अकरा. बाहेर भजी तळल्याचा वास येत होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष दाराकडं. अण्णासाहेब उभे राहिले, कोट सारखा केला, वसुंधरा, भावी पिढी वगैरे पाच वाक्यं बोलले आणि न वाचलेल्या कागदाच्या प्रत्येक पानावर सही ठोकली. नवव्या कलमाच्या खाली तर सही जरा लांबलचक आली. ठराव सर्वानुमते मंजूर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. बाई दाराशी उभ्या राहून भज्यांच्या प्लेटा मोजत होत्या.

समिती आली, धोरणावर खूश झाली, मानांकन मिळालं. प्रमाणपत्र मोठ्या फ्रेममध्ये हॉलात लागलं. सूचक म्हणून अण्णासाहेबांचा सत्कार झाला. सत्काराची शाल नव्या धोरणाप्रमाणे बाईंनीच खरेदी केली, बिनरंगाची, कोऱ्या सुताची. अण्णासाहेब म्हणाले, “जरा रंगीत चालली असती.” बाई म्हणाल्या, “धोरणात बसत नाही, साहेब.”

पुढच्या वर्षीचं कापडाचं टेंडर निघालं तेव्हा कळ दाबली गेली. आधी आले महिबूबभाई, छोटा कारखानदार, चार माग आणि एक रंगाची भट्टी. एका पिशवीत सगळे कागद. कामगारांची यादी चार नावांची: स्वतः, दोन भाऊ, एक मेव्हणा. चौघांच्या तपासण्या झालेल्या. “मॅडम, मेव्हण्याला शुगर निकली, वो भी लिखा हूँ,” म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला, ही त्या खोलीत फार दुर्मिळ गोष्ट होती.

मग अण्णासाहेबांच्या मॅनेजरनं कागद आणले. यादीत नऊ नावं, सगळी हजेरीपटावरची. बाईंनी लाल पेनानं ‘यादी अपूर्ण’ लिहून परत दिली. आठ दिवसांनी बावीस नावं आली. यादी अपूर्ण. मॅनेजर घामाघूम होऊन अध्यक्षांकडं गेला. मग अण्णासाहेब स्वतः अध्यक्षांकडं गेले की हे कलम काढून टाका. अध्यक्ष म्हणजे रिटायर प्राचार्य, भोळा माणूस. ते म्हणाले, “अहो, तुमचाच ठराव आहे. आणि कलम काढलं की समितीला कळवावं लागेल, प्रमाणपत्र जाईल. द्या की यादी, त्यात काय एवढं?” हे मला अध्यक्षांच्या शिपायानं सांगितलं आणि मी त्याला त्या दिवशी माझा अख्खा डबा दिला.

अण्णासाहेबांना आमची ऑर्डर तर पाहिजेच होती, पण त्याहून जास्त, हरित पुरवठादार असल्याचं हॉस्पिटलचं पत्र पाहिजे होतं, परदेशातल्या टॉवेल घेणाऱ्या पार्टीला दाखवायला. म्हणून एके दिवशी ते स्वतः स्टोअरमध्ये आले. बाईंनी लाकडी स्टूल पुढं केलं. पंखा अर्थातच बंद.

“कुठली नावं राहिली म्हणता?”

“सांगते की. तुम्ही लिवा. मालकाच्या हातचं पाहिजे. दोन प्रती.”

“झेरॉक्स काढू ना एकाची.”

“कागद वाचवायचं कलम आहे आपल्याकडं, पण हे त्यात येत नाही.”

बाईंनी पर्समधून वहीचं पान काढलं. आदल्या रविवारी व्यंकटेशरावांनी आठवून आठवून सांगितलेली नावं त्यावर होती. त्या सांगत गेल्या आणि तो माणूस लिहीत गेला. मी पार्टिशनच्या फटीला डोळा लावून बसले होते, लाज वाटली नाही. मध्येच अण्णासाहेब म्हणाले, “हा तर मेला ना?” बाई म्हणाल्या, “मेला. लिवा.” सदतिसावं नाव आलं. “व्यंकटेश नरसय्या येमूल.” पेन थांबलं. त्यांनी बाईंच्या टेबलावरच्या नावाच्या पट्टीकडं बघितलं, मग बाईंकडं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

“हे तुमचे कोण?”

“आधी लिवा.”

त्यांनी लिहिलं. दोन्ही प्रतींवर लिहिलं. खाली सही, तारीख, कारखान्याचा शिक्का. रुमालानं मान पुसत विचारलं, “झालं ना आता?” बाई म्हणाल्या, “तपासून कळवते.”

लगेच पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मुद्दाम गेले, मला बघायचंच होतं. व्यंकटेशराव खाटेवर भिंतीला टेकून बसलेले, नाकात ऑक्सिजनची नळी, बोटं आतल्या बाजूला वळलेली. बाईंनी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांना तो उचलता येईना, म्हणून त्या धरून बसल्या. मला वाटलं आता माणूस रडणार. ते एकेक नाव ओठ हलवून वाचत खाली गेले, शेवटी स्वतःच्या नावापाशी जेमतेम थांबले आणि परत वर आले. मग धाप लागत म्हणाले, “गंगाराम पेरु लेदु.”

मला तेलुगू येत नाही. बाईंनी सांगितलं, “गंगारामचं नाव नाही म्हणतायत. ह्यांच्याच टाकीवर होता. मीच लिहून घेताना विसरले बघ.” व्यंकटेशराव मराठीत म्हणाले, “त्याला पण ‘नव्हता’ म्हणले होते, ताई. त्याच्या बायकोला.” आणि बाईंकडं बघत राहिले. बाईंनी कागदाची घडी घातली आणि मला म्हणाल्या, “चहा घेऊन जा गं, मग मला उद्याचा एक निरोप टाईप करून दे.”

सोमवारी अण्णासाहेब परत आले. एका नावासाठी. भर दुपारी, तीन जिने चढून, कारण लिफ्ट दुरुस्तीला होती. त्यांनाही धाप लागली होती. मला दया आली का? नाही आली. आजही येत नाही. त्यांनी दोन्ही प्रतींवर गंगारामचं नाव घातलं, बाजूला सही केली. बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि लाल पेनानं लिहिलं: यादी पूर्ण. मग पान उलटून विचारलं, “आता ह्या अडतीस माणसांच्या तपासणीचे दाखले?”

अण्णासाहेब म्हणाले, “ते कुठनं आणू मी? कुणाची तपासणी केलीच नाही कधी.”

“एवढंच लिवायचं होतं मला,” बाई म्हणाल्या आणि शेरा मारला: नवव्या कलमाची पूर्तता नाही, निविदा नामंजूर. शिक्का उचलला, शाईत दाबला आणि असा हाणला की माझं पार्टिशन हाललं.

अण्णासाहेब उठून उभे राहिले. आवाज चिरकला होता. “नामंजूरच करायचं होतं, तर हे सगळं माझ्याकडून लिहून कशाला घेतलं?”

“आमच्या घरी पाहिजे होतं,” बाई म्हणाल्या.

“बाई, हे बरं नाही केलं तुम्ही.”

“नाहीच की.”

ऑर्डर महिबूबभाईंना गेली, ती आजही त्यांच्याकडंच आहे, आणि बेडशीट चांगली निघतात, रंग जात नाही. परदेशातल्या पार्टीचं काय झालं ते विचारायला मी अण्णासाहेबांच्या घरी गेले नाही. बाई त्याच महिन्याच्या शेवटी रिटायर झाल्या. निरोपसमारंभ नको म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ल्या मोजून माझ्या ताब्यात दिल्या आणि यादीची दुसरी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवली. मी म्हणलं, आता तरी घरी जाऊन आराम करा. त्या म्हणाल्या, आधी गंगारामच्या बायकोकडं जायचंय, ती निलम नगरच्या मागं कुठं तरी राहते, पत्ता विचारत जावं लागेल. मी खिडकीतून बघत होते. फाटकाशी त्यांनी तीन रिक्षावाल्यांना विचारलं, तिघांनी नकारार्थी माना हलवल्या. मग पदर डोक्यावर घेऊन त्या उन्हात चालतच निघाल्या.